आमेन कोणी म्हणायचं

मोझेलने पिठात घोळवलेले कोंबडीचे तुकडे पुन्हा एकदा कढईत सोडले आणि चरचरत्या चरबीच्या वर आवाज चढवून सांगितलं, "ही शेवटची कोंबडी बरं का! यापुढे माझ्या खुराड्यात फक्त कोंबडा उरलाय, आणि तो मी देणार नाही."

स्वयंपाकघराच्या दारात उभा असलेला स्कॉट हसला. नॅशव्हिलहून आलेला हा दिग्दर्शक म्हणजे तिशीच्या आतबाहेरचा पोरगा होता. सकाळपासून त्याच्या माणसांनी तिच्या घरभर वायरी पसरल्या होत्या, खिडक्यांना काळे कापड लावून भर दुपारी आत दिवे पेटवले होते आणि जेवणाच्या टेबलाच्या आणि खुर्च्यांच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्ट्यांच्या खुणा करून ठेवल्या होत्या.

"काकू, टेबलावरची कोंबडी तशीच तर आहे. एकेक घास तर खाल्लाय सगळ्यांनी. नवीन कशाला तळताय?"

"हर्शेलला विचार."

हर्शेल टेबलाच्या मुख्य टोकाशी, दिव्यांच्या उकाड्यात, रविवारचा कोट घालून ताठ बसला होता. कपाळावरचा घामही तो पुसत नव्हता. कोणी विचारायची वाट न बघता तो म्हणाला, "ज्या ताटावर देवाचा आशीर्वाद मागून झाला, त्यावर पुन्हा मागत नाहीत. देव काय विसराळू आहे?"

कॅमेऱ्यामागचा माणूस फिसकन हसला. हर्शेल प्रुइट हसला नाही. तो चेष्टा करत नव्हता, हे मोझेलला ठाऊक होतं. चाळीस वर्षांच्या संसारात त्याने देवाच्या बाबतीत कधी चेष्टा केली नव्हती.

सकाळी पहिल्याच टेकला ही गोष्ट निघाली होती. स्कॉट सहज म्हणाला होता, "काका, आवाज घेत नाहीये आम्ही. वर गाणं वाजणार. तुम्ही फक्त मान खाली घालून ओठ हलवा. हवं तर आकडे म्हणा, एक दोन तीन चार."

हर्शेल म्हणाला होता, "माझ्या टेबलाशी मान खाली गेली की प्रार्थना होते, पोरा. आकडे म्हणायला गुरांचा बाजार आहे."

तेव्हापासून दर टेकला खरी प्रार्थना होत होती. प्रार्थना झाली की सगळ्यांनी खरा घास खायचा, कारण आशीर्वाद मागून अन्न तसंच टाकून उठणं हा अपमान. आणि पुढच्या टेकला ताटात ताजं काहीतरी पडलं पाहिजे. स्कॉटने आधी डोकं धरलं. मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारा खरोखर प्रार्थना करतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते कुठल्याही नटाला साधणार नाही. त्याने मुकाट्याने हात जोडले आणि दिवे पुन्हा लावायला सांगितले.

हा सगळा उद्योग वसंतात सुरू झाला होता. स्कॉट त्यांच्या डोंगरातल्या छोट्या चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर बसला, उपासना संपल्यावर सगळ्यांशी हस्तांदोलन करत फिरला आणि म्हणाला की त्याला एक घर हवंय. गाण्याचा व्हिडिओ करायचाय. आजकाल गाणी ऐकायची नसतात, बघायची असतात, असं नॅशव्हिलमध्ये सगळे म्हणू लागलेत. दिवसभर नुसती गाणीच दाखवणारं एक चॅनल निघालंय, आपल्या गाण्यांसाठीसुद्धा.

"मी पाहिलंय ते," ब्रदर टॅकेट, त्यांचे पाद्री, तोंड वाकडं करून म्हणाले होते. "धूर, आणि अर्धवट कपड्यातली पोरं."

"ते दुसरं, ब्रदर. ते शहरातल्या पोरांसाठी. आपल्या लोकांना तसलं नको असतं. आपल्या माणसाला टीव्हीवर काय बघायला आवडतं? स्वतःचं घर. ओसरी, आई-बाप, चर्च, भरलेलं टेबल. ते दाखवलं नाही तर लोक टीव्ही स्टेशनला फोन करून आम्हाला शिव्या घालतात. खोटं नाही सांगत."

हर्शेल त्या चर्चचा डीकन. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांत त्याचा शब्द चालायचा. त्याने गाण्याचे शब्द कागदावर मागितले, चष्मा लावून दोनदा वाचले. गाणं होतं बापाच्या टेबलाबद्दल. घर सोडून गेलेली मुलगी एका रविवारी परत येते. बाप प्रार्थना म्हणत असतो. ती दार उघडून आत येते, आणि तिची खुर्ची तिथेच असते. दारू नाही, भानगड नाही, शिव्या नाहीत.

"पश्चात्ताप झाला आणि परत आली," हर्शेल म्हणाला होता. "बायबलातलीच गोष्ट आहे." आणि त्याने घर द्यायला होकार दिला होता.

कागदावर पश्चात्तापाचा शब्दही नव्हता. मोझेलने नंतर एकटी असताना नीट बघितलं होतं. मुलीने काय केलं होतं, हे गाण्यात कुठेच म्हटलं नव्हतं. फक्त ती येते, एवढंच. शेजारची ओपल ते वाचून म्हणाली होती, "गाण्यातला बाप बरा बाई, आपल्या खऱ्या बापांपेक्षा." मग तिला आपण काय बोलून गेलो ते उमगलं, आणि तिने मोझेलच्या दंडावर हात ठेवला.

ग्लेना, त्यांची एकुलती मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिने नवऱ्याला सोडलं. नवरा चर्चमधल्याच घरचा, सगळ्यांना आवडणारा. त्याच्याबद्दल ग्लेनाने काही सांगायचा प्रयत्न केला होता. हर्शेलने ऐकून घेतलं नाही आणि मोझेलने ऐकलं पण तोंड उघडलं नाही. घटस्फोट झाला. ग्लेना ओहायोला गेली, कारखान्यात लागली आणि दोन वर्षांनी तिथल्याच एका माणसाशी तिने लग्न केलं. ज्या चर्चमध्ये बाप डीकन, तिथे अशा दुसऱ्या लग्नाला लग्न म्हणत नाहीत. हर्शेल एवढंच म्हणाला होता, "ते आहे तोवर माझ्या टेबलाशी तिची जागा नाही." तिचा फोटो भिंतीवरून उतरला. तिचं नाव घरात घेणं बंद झालं.

मोझेल मंगळवारी तिच्याशी बोलायची. मंगळवारी हर्शेल गुरांच्या बाजारात असायचा. ग्लेना फोन करायची, आणि मोझेल दाण्यांच्या शेंगा सोलत, रिसीव्हर खांद्याशी धरून, तिचं सगळं ऐकायची. हे हर्शेलला कळत नसेल असं तिला वाटत नव्हतं. तो बाजारातून यायच्या आधी पिकअपचा भोंगा पार खालच्या वळणापासून वाजवत यायचा. आधी कधी वाजवत नव्हता. त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत.

"काकू, झालं का?" स्कॉटने विचारलं.

"कोंबडीला विचार," मोझेल म्हणाली आणि तुकडे ताटात काढले.

कॅमेऱ्याकडची बाजू मोकळी सोडून टेबलाशी चौथ्या बाजूला शेली बसली होती. गाण्यातली मुलगी; तिचं दारातून आत येणं आधीच घेऊन झालं होतं. ही नॅशव्हिलची पोरगी गोड होती, फुलाफुलांचा झगा घालून आली होती, आणि बोलण्यात सारखं जी-जी करत होती. सकाळी स्कॉटच्या माणसाने तिचा एक फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला. खिळा आधीचाच होता. भिंतीला डकवलेल्या नक्षीच्या कागदावर जिथे चौकोन थोडा कमी मळलेला होता, तिथेच तो फोटो बरोब्बर बसला. मोझेल तेव्हा पीठ मळायला म्हणून स्वयंपाकघरात गेली, ती पीठ मळून झाल्यावरही बराच वेळ बाहेर आली नाही.

हर्शेलने शेलीला पहिल्या टेकआधी एक गोष्ट समजावली होती. "बाळ, आमच्याकडे प्रार्थना मी म्हणतो, पण आमेन टेबलावरचं सगळ्यांत लहान माणूस म्हणतं. ते म्हटल्याशिवाय मी मान वर करत नाही, आणि मी मान वर केल्याशिवाय कोणी काट्याला हात लावत नाही. माझ्या बापाची रीत. त्याच्या बापाची."

"म्हणजे लेकराने ठरवायचं, जेवायचं कधी?" शेली हसून म्हणाली होती.

"लेकराला भूक आधी लागते," हर्शेल म्हणाला होता. ग्लेना गेल्यापासून त्या टेबलाशी दोघांत लहान मोझेलच होती, आणि सहा वर्षं आमेन तीच म्हणत होती.

दिवे लागले. स्कॉटने हात वर केला. खोलीत सगळे गप्प झाले, कारण देवाशी बोलताना मध्ये कोणी बोलायचं नाही ही हर्शेलची दुसरी अट.

एकच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणणंही हर्शेलला पटत नव्हतं. पहिल्यांदा त्याने अन्नासाठी आभार मानले, नेहमीच्या शब्दांत. दुसऱ्यांदा पावसाचे आणि तंबाखूच्या कोवळ्या रोपांचे. मग ओपलच्या नवऱ्याच्या, लोनीच्या, दुखऱ्या पाठीसाठी मागितलं. मग नॅशव्हिलच्या या पोरांसाठी, की त्यांना रस्त्यात काही होऊ नये आणि त्यांनी रविवारी चर्चला जावं. तेव्हा कॅमेऱ्यामागच्या माणसाने टोपी काढली. दर वेळी शेली लाडाने आमेन म्हणायची, हर्शेल मान वर करायचा, सगळे एक घास खायचे, आणि स्कॉट म्हणायचा, "सुंदर. फक्त एकदाच आणखी."

आताही तो तेच म्हणाला होता. "फक्त एकदाच आणखी, काका. शेवटचं."

हर्शेलने हात जोडले, मान खाली घातली. मोझेलने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनी तिला कळलं की हर्शेलला सुचत नाहीये. त्याचा श्वास आला, गेला. मागण्यासारखं सगळं मागून झालं होतं.

"प्रभू," तो म्हणाला. मग थांबला. "प्रभू, या टेबलाशी जे बसलेत त्यांना सांभाळ." पुन्हा थांबला. "आणि जे नाहीत त्यांना." दिव्यांचा बारीक गुणगुणाट तेवढा ऐकू येत होता. "ग्लेनाला सांभाळ. ती काय जेवत असेल ते तिला लाभू दे."

मोझेलचे डोळे उघडले. तिने ठरवून उघडले नाहीत. टेबलाच्या त्या टोकाला हर्शेलचं टक्कल दिव्यात चमकत होतं, त्याची जाड बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती आणि तो वाट बघत होता. आमेनची. मोझेलने शेलीकडे पाहिलं. शेली मान खाली घालून गप्प होती. मोझेलने स्वतः म्हणायला ओठ उघडले. शब्द आला नाही.

कोणीच काही म्हणालं नाही.

"कट!" स्कॉट ओरडला. "हेच! हेच हवं होतं मला! काका, तुम्ही कमाल आहात!"

दिवे विझले. हर्शेलने मान वर केली ती आमेनवर नाही, त्या ओरडण्यावर. तो उठला, रविवारचा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि कोणाकडे न बघता तंबाखूच्या कोठाराकडे चालू लागला. ताटातल्या ताज्या कोंबडीला त्याने हात लावला नव्हता.

माणसं वायरी गुंडाळू लागली. कोणीतरी भिंतीवरचा फोटो काढला. शेली स्वयंपाकघरात आली, हातातला रुमाल पिळत.

"काकू, माफ करा हं. शेवटचं आमेन माझं राहिलं. मला कळेना, मी म्हणायचं की नाही." मग हळूच, "ग्लेना कोण?"

मोझेलने ॲपल पायचा मोठा तुकडा कापला, कागदात गुंडाळला आणि तिच्या हातात ठेवला. "वाटेत खा," ती म्हणाली. "सफरचंदं आमच्याच झाडाची आहेत."

त्या संध्याकाळी हर्शेल ताकात मक्याचा पाव बुडवून खाऊन झोपला. मोझेलने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विचारावं असं तिच्या जिवाला फार वाटत होतं, पण ती त्याला ओळखून होती. विचारलं तर तो म्हणाला असता, शब्द संपले होते म्हणून निघालं तोंडातून. आणि एकदा तसं म्हणाला की ते तसंच झालं असतं, कायमचं. न विचारता निदान ते तिच्यापाशी राहत होतं. मंगळवारी ग्लेनाचा फोन आला तेव्हा मोझेलने तिला कोंबड्यांची सगळी गोष्ट सांगून हसवलं. शेवटच्या प्रार्थनेची ती एक गोष्ट मात्र सांगितली नाही. ती सांगायची नव्हती, कारण ती तिची नव्हती.

जमिनीवरच्या चिकटपट्ट्या तिने खरवडून काढल्या. चौथ्या खुर्चीची खूण काढताना तिचे गुडघे दुखले म्हणून ती राहिली. नंतरही राहिलीच. हर्शेल तिच्यावरून रोज ये-जा करायचा.

तंबाखू कापून कोठारात टांगून झाला तेव्हा स्कॉटचा निरोप आला. शनिवारी दुपारी व्हिडिओ लागणार. ओपल आणि लोनीच्या अंगणात टीव्हीची भली मोठी डिश अँटेना होती, गवताची गंजी झाकेल एवढी, आणि अख्ख्या खोऱ्यात ते चॅनल फक्त त्यांच्याकडेच लागायचं. निम्मं चर्च तिथे जमलं. बायकांनी येताना काहीबाही करून आणलं होतं. ब्रदर टॅकेट मधल्या खुर्चीत बसले. हर्शेल दाराजवळ उभा राहिला, टोपी हातात धरून.

गाणं सुरू झालं. गायक त्यांच्याच ओसरीवर त्यांच्याच पायरीवर बसून गिटार वाजवत होता. चर्चचा पांढरा मनोरा दिसला, त्यावर सगळे ओरडले. लोनीची गाय दिसली, त्यावर आणखी मोठ्याने ओरडले. रस्त्यावरून शेली चालत येताना दिसली, हातात छोटी बॅग.

मग टेबल आलं. पडद्यावर हर्शेलची वाकलेली मान, जोडलेले हात, हलणारे ओठ. गाणं भरात होतं. कडव्याचे सूर वरच्या पट्टीत चढले होते आणि त्या सुरांखाली हर्शेलचं तोंड मुक्यानेच हलत होतं. हा कुठला टेक? पावसाचा? लोनीच्या पाठीचा? ते ओठ वाचावेत म्हणून ती पुढे झुकली.

तेवढ्यात पडद्यावर तीच आली. जवळून, अगदी सगळ्या सुरकुत्यांसकट. आणि तिचे डोळे टक्क उघडे होते.

"अगं बया! मोझेल!" ओपल किंचाळली. "प्रार्थनेत डोळे उघडे! डीकनची बायको, आणि अख्ख्या देशासमोर!"

सगळे खो खो हसले. ब्रदर टॅकेटनीसुद्धा बोट हलवून दाखवलं. कोणीतरी म्हणालं, कोंबडी पळून जाईल म्हणून बघत असेल बिचारी. मोझेलही हसली. हसत हसत तिने दाराकडे पाहिलं. हर्शेल टीव्हीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता.

गाण्यात शेलीने दार उघडलं, खुर्ची मागे ओढली, बसली. म्हाताऱ्या बापाने तिच्या हातावर हात ठेवला. गाणं संपलं. बायका डोळे पुसत होत्या.

"देशाला हेच दिसायला हवं," ब्रदर टॅकेट म्हणाले. "घर. बाप. क्षमा. हर्शेल, तुझ्या टेबलाने आज मोठं प्रवचन दिलं बघ."

हर्शेलने टोपी डोक्यावर ठेवली.

घरी जाताना हर्शेल पिकअप चालवत होता. ओढ्यावरचा पूल आला, गेला. खालच्या वळणाशी आल्यावर हर्शेलने भोंग्यावर हात ठेवला, सवयीने, आणि मग न वाजवताच काढून घेतला.

"म्हणजे तू ऐकलंस," तो म्हणाला.

"तुझ्याच टेबलाशी होते की मी."

त्याने गिअर बदलला. "त्यावर कोणी आमेन म्हटलं नाही," तो म्हणाला.

"नाही म्हटलं."

"मग ती प्रार्थना पुरी झाली नाही."

मोझेलने मांडीवरची रिकामी थाळी सरळ केली. यात त्याला काय म्हणायचं होतं, ते तिला कळेना. पुरी झाली नाही म्हणजे धरायची नाही, की पुरी करायची राहिली? ते विचारायची हिंमत झाली असती तर सहा वर्षं कशाला गेली असती?

दुसऱ्या दिवशी चर्चमधून येऊन तिने टेबल मांडलं. दोन ताटं. घेवड्याच्या शेंगा, मक्याचा पाव, आणि खुराडं पुन्हा भरल्यावरची पहिली कोंबडी. हर्शेल कोट घालून बसला. त्याने हात जोडले आणि तोंड उघडलं, तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला.

रविवारी, जेवणाच्या वेळी, त्या घरात कोणी फोन करत नसे. सगळ्या खोऱ्याला ते माहीत होतं. मोझेलने उठून रिसीव्हर उचलला.

"मम्मा," पलीकडून आवाज आला. "तुझे डोळे उघडे होते."

मोझेलने भिंतीला हात टेकला.

"काल रात्री आमच्याकडे लागलं ते. आज पुन्हा लागलं. दोनदा बघितलं मी." ग्लेना हसत होती, पण त्या हसण्यात मध्येच काहीतरी फाटत होतं. "मी सहा वर्षांची होते तेव्हा त्यांनी मला टेबलाशी झापलं होतं, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवलेस म्हणून. आणि मी विचारलं होतं, तुम्हाला कसं दिसलं, डॅडी? आठवतं तुला?"

मोझेलला आठवत होतं. हर्शेल तेव्हा तोंड फुगवून उठला होता, आणि लेकीला दिसू नये म्हणून पार विहिरीपाशी जाऊन, पोट धरून हसला होता.

"मम्मा, तू कधी डोळे उघडत नाहीस. कधीच नाही. काय म्हणाले ते? मला ओठ दिसतात, पण वर गाणं वाजतंय. मला माहितीये ते घरात असतील आत्ता. असू देत. काय म्हणाले, सांग ना."

मोझेलने वळून पाहिलं. हर्शेलचे हात अजून जोडलेलेच होते. त्या खोलीत फोनमधला आवाज टेबलापर्यंत पोचायचा. मंगळवारी तिने हे कधी लक्षात घेतलं नव्हतं.

"मी नाही सांगत," ती म्हणाली. "ज्यांनी म्हटलं त्यांना विचार."

आणि तिने फोनची लांब गुंडाळलेली वायर ताणून रिसीव्हर त्याच्यासमोर धरला.

हर्शेलने तो लगेच घेतला नाही. मोझेलचा हात अवघडला, तरी तिने खाली घेतला नाही. शेवटी तो खुर्ची मागे सारून उठला, तळवे कोटाला पुसले, आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी घेऊन कानाशी धरला. लेकीशी काय बोलायचं, कुठून सुरू करायचं, हे त्याला येत नव्हतं. लेक घरात होती तेव्हाही येत नव्हतं. त्याला एकाशीच बोलता यायचं.

त्याने मान खाली घातली.

"प्रभू," तो फोनमध्ये म्हणाला, "हे अन्न दिलंस, तुझे उपकार. या टेबलाशी जे बसलेत त्यांना सांभाळ. जे नाहीत त्यांना सांभाळ. ग्लेनाला सांभाळ. ती काय जेवत असेल ते तिला लाभू दे." तो थांबला. "तिला आणि तिच्या नवऱ्याला."

त्याने मान खालीच ठेवली.

आमेन मोझेलच्या जिभेवर आलं होतं, सहा वर्षांच्या सवयीने. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. ताटातल्या कोंबडीची वाफ हळूहळू कमी होत गेली. फोनची वायर टेबलावरून थरथरत होती, आणि हर्शेल वाकलेल्या मानेने, रविवारच्या कोटात, खोळंबून उभा होता.

पलीकडून काय आलं ते मोझेलला ऐकू गेलं नाही. पण तिचे डोळे उघडे होते, म्हणून तिला दिसलं. हर्शेलने मान वर केली.